कच्च्या वाटेवरचं आंधळं वळण : समोरासमोरची धडक कशी टाळावी

हेल्मेट, बूट, गुडघ्या-कोपरांचे गार्ड, टायरमधली हवा हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरतो. मुळशी, वेल्हे, भोर, पानशेतकडच्या मातीच्या वाटांवर मोटरसायकल घालणाऱ्या नवख्या माणसाला भीती असते ती पडायची. पण हळू वेगात एकट्यानं पडलं तर बहुतेक वेळा खरचटतं, फार तर लिव्हर वाकतो. माणूस जायबंदी होतो तो समोरून आलेल्या गाडीवर आदळून. या वाटांची रुंदी एका जीपची, आणि ये-जा दोन्हीकडून. दूध घालायला निघालेला माणूस, ट्रॅक्टर, म्हशी, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, आणि तुमच्यासारखाच रविवारी निघालेला आणखी एक जण.

१. वाट आधी एकदा हळू फिरून घ्या. मागच्या मे महिन्यात बघितली होती, हे चालत नाही. मे महिन्यात जे वळण आरपार दिसतं, तेच सप्टेंबरात डोक्याइतक्या गवतामागे आणि कारवीमागे गेलेलं असतं.

२. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर बंद करा. पुढचा राहू द्या.

३. दिवा लागलेला असतोच. २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना तो बंद करायचं बटणच नाही. काचेवरचा चिखल मात्र पुसा.

४. वळण. इथे थांबून नीट वाचा.

‘हॉर्न वाजवायचा आणि घालायची’ हा सल्ला मी शंभरदा ऐकला आहे. समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, खाली त्याचं स्वतःचं इंजिन असतं आणि मध्ये डोंगराचा कापलेला कडा. हॉर्न वाजवाच, पण तो त्यानं ऐकला असं कधीही धरू नका. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला की समोरच्याला कळतं, हेही खोटं आहे. तेवढ्यानं गावाला मात्र त्रास होतो, आणि पुढच्या वेळी गावकरी वाट अडवतात.

आता हिशेब बघा. वळणात तुम्हाला पुढचं ३० मीटर दिसतं आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. समोरचाही तेवढ्याच वेगात असेल तर तुमच्यामधलं अंतर सेकंदाला २२ मीटरनं कमी होतं. दिसल्यापासून आदळेपर्यंत सव्वा-दीड सेकंद. त्यातला जवळपास एक सेकंद नुसता हात ब्रेकवर जाण्यात जातो, आणि सुट्या मुरमावर गाडी थांबायला पुढे आणखी १५ ते २० मीटर लागतात. कितीही चांगला चालवणारा असू दे, जमणार नाही.

म्हणून जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. उरलेलं निम्मं समोरच्याचं. ३० मीटर दिसत असेल तर तुमच्या वाट्याला १५ येतात, आणि १५ मीटरमध्ये थांबायचं तर ताशी २५ च्या वर जाता येत नाही. कोकणात जांभ्याची गोटीसारखी खडी पसरलेली असेल तर २५ सुद्धा जास्त. हा वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक आठवला तर उशीर झालेला असतो.

वेगाची गोष्ट बऱ्याच जणांना पटते. फसायला होतं ते चाकोरीत, आणि मी तिथेच फसलो होतो.

जीप-ट्रॅक्टरनं अशा वाटांवर दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा. दोन्ही सारख्या कधीच नसतात. एकीत दगड, दुसरी गुळगुळीत. मन गुळगुळीत चाकोरी धरतं, आणि ती उजवी निघाली तर तुम्ही समोरच्याच्या जागेत चालवत असता. सरळ वाटेवर ते खपतं. वळणात नाही.

मुळशी धरणाच्या मागच्या बाजूला एका उजव्या वळणावर मी असाच उजव्या चाकोरीत होतो. आतली बाजू, जवळची वाट, गाडी छान चाललेली. समोर एका दूधवाल्याच्या गाडीचं पुढचं चाक दिसलं आणि मी घाबरून तिथेच, वळणात, डावीकडे चाकोरी बदलायला गेलो. पुढचा टायर चाकोरीच्या कडेला घासत राहिला, वर चढला नाही, आणि मी त्या माणसाच्या पुढ्यात आडवा झालो. त्यानं ब्रेक दाबले होते, तरी त्याचा क्रॅशगार्ड माझ्या हँडलवर आला. माझं उजवं मनगट मोडलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या किटल्या उलटल्या आणि दूध चाकोरीतून उताराला वाहत गेलं, तांबड्या मातीत गुलाबी होत. त्या माणसानं आधी मला उठवलं, मग किटल्या. एवढंच म्हणाला, “दादा, या अंगानं कशाला आलात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक पूर्ण माझी होती.

तेव्हापासून मी हे असं करतो, आणि शिकायला येणाऱ्यांकडून पन्नास वेळा करून घेतो. वळण दिसलं की त्याच्या चांगलं २०-२५ मीटर आधी डाव्या चाकोरीत यायचं, मग ती कितीही खराब असो. चाकोरी ओलांडताना तिरपं-तिरपं सरकत जायचं नाही. वेग कमी, फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं, वजन किंचित मागे, हँडल ठरवून वळवायचं आणि उंचवट्याला शक्य तितकं काटकोनात भिडायचं. पुढचं चाक चढताना थ्रॉटल हलका उघडा ठेवायचा, बंद करायचा नाही. थ्रॉटल सोडलात की वजन पुढे येतं आणि चाक कडेला घासतं. आधी रिकाम्या सरळ वाटेवर ही सवय करा. वळणात पहिल्यांदा करून बघू नका.

दोन वळणांतल्या चुका वेगळ्या आहेत, हेही कोणी सांगत नाही. उजव्या वळणात माणूस आपणहून आत कापतो. तिथे मोह आवरायचा. डाव्या वळणात तुमच्या डाव्या हाताशी दरड किंवा झुडूप असतं, त्यामुळे दिसतं सगळ्यात कमी, आणि वेग थोडा जरी जास्त झाला तर गाडी बाहेर फेकली जाऊन उजव्या चाकोरीत जाते. म्हणून डाव्या वळणात मी उजव्यापेक्षाही हळू जातो.

आणि समोर गाडी आलीच तर? दोन्ही ब्रेक, पुढचा दाबत-दाबत वाढवायचा, झटक्यात नाही. नजर डाव्या कडेच्या मोकळ्या जागेवर. समोरच्या गाडीकडे बघत राहिलात तर हात तिकडेच नेतात. उजवीकडे कितीही मोकळं दिसलं तरी जाऊ नका, कारण समोरचाही आपल्या डावीकडे जाणार आहे, आणि त्याची डावी म्हणजे तुमची उजवी. गवतात, बांधावर, झुडपात जाऊन पडणं परवडतं.

५. चढावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला वाट द्या. उतरणाऱ्यानं थांबायचं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा काढणं फार कठीण असतं.

६. एकत्र जात असाल तर फुफाट्यात एकमेकांच्या मागे चिकटू नका. धूळ खाली बसेपर्यंत थांबा, मग निघा. समोरच्याला पहिली गाडी दिसते, दुसरी धुळीतून एकदम बाहेर येते. ट्रेलवर फिरणाऱ्यांमध्ये बोटांची खूण चालते: मागे तिघं असतील तर तीन बोटं, शेवटच्याची बंद मूठ. खूण डाव्या हातानं, वेग अगदी कमी असतानाच. गावातल्या माणसाला ही खूण माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्यासाठी थांबा, हेल्मेटची काच वर करा आणि तोंडानं सांगा, “काका, मागून अजून तिघं येतायत.”

७. धडक झालीच तर पहिलं काम गाडी उचलण्याचं नाही. दोन्ही अंगांना वळणापलीकडे एकेक माणूस उभा करा, नाहीतर तिसरी गाडी पडलेल्यावर येते. मानेला लागलं असेल अशी शंका असली आणि श्वास नीट चालू असला तर हेल्मेट ओढून काढू नका. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, नाहीतर ११२. धरणामागच्या खोऱ्यांत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून वाटेत शेवटची रेंज कुठे होती ते येतानाच लक्षात ठेवा, आणि फोन करायला जाणाऱ्याला जवळच्या वाडीचं नाव सांगून पाठवा. ‘जंगलातल्या वळणावर’ एवढ्यावरून गाडी पोचत नाही.