कॅमेरा सारखा 'कार्ड लॉक' दाखवतोय? माझा अनुभव

हळदीच्या गडबडीत कॅमेरा फोटोच घेईना, स्क्रीनवर कार्ड लॉक असल्याचा मेसेज, काढून परत घातलं की थोडे फोटो निघायचे अन् पुन्हा तेच. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला लॉकची बारीक पट्टी असते ना, ती सैल झालेली आणि कार्ड आत ढकलताना आपोआप खाली सरकायची. तिचा कार्डातल्या सर्किटशी संबंधच नसतो, स्लॉटमधला खटका फक्त पट्टी वर आहे की खाली एवढंच चाचपतो. मग पट्टी वर करून त्यावर सेलोटेपचा छोटा तुकडा चापून लावला, मागच्या सोनेरी पिना मोकळ्या ठेवल्या, कडा घट्ट दाबल्या, चालू! टेप स्लॉटमध्ये अडकू शकते, त्यामुळे रात्रीच फोटो लॅपटॉपवर घेतले आणि नवीन कार्ड आणलं. फॉरमॅट अजिबात मारू नका, फोटो जातील.