जुन्या टी-शर्टला कात्री लावताय? आधी या चुका टाळा

मागच्या आठवड्यात क्लासला येणाऱ्या एका मुलीने पिशवीतून निळा टी-शर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. वडिलांचा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. गळा थोडा मोठा करावा म्हणून तिने घरीच कापला होता. आता घातला की तो एका खांद्यावरून घसरत होता आणि कापलेली कड बाहेरच्या बाजूला सुरळीसारखी वळली होती. "काकू, मी एवढाच कापला होता हो," ती बोटांनी माप दाखवत म्हणाली. पोर खरंच बोलत होती. तिने तेवढाच कापला होता, पुढचं काम कापडाने केलं.

साताऱ्यात गेली कित्येक वर्षं मी शिवण शिकवते. जुने टी-शर्ट घेऊन येणाऱ्या मुलींच्या नव्वद टक्के अडचणी मला एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलेल्या दिसतात. मराठीत साडीही विणतात आणि स्वेटरही विणतात, पण ती दोन वेगळी कामं आहेत. साडी, ब्लाउज पीस, चादर मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी होते. टी-शर्टचं होजिअरी कापड स्वेटरच्या जातीचं, फासात फास अडकवून केलेलं. प्रत्येक फास ताणला की लांबतो, सोडला की आखडतो. ब्लाउज शिवायची सवय असलेला हात टी-शर्टवर फसतो तो इथे.

एकदा हाताने बघाच. जुन्या टी-शर्टची खालची दुमड कापून टाका आणि कापलेली कड दोन्ही हातांत धरून आडवी ताणा. ती लगेच सुलट बाजूला गुंडाळली जाते. आता बाजूला एक उभा काप द्या. ती कड उलट बाजूला, म्हणजे आत वळते. गळा आणि घेर कापला की कड बाहेर येणार, उभ्या झालरी कापल्या की आत जाणार, हे आधीच ठाऊक असलं तर ती वळलेली कड तुम्ही नक्षी म्हणून वापरू शकता. ठाऊक नसलं तर ती घोटाळा वाटते.

गळा कापताना

सगळ्यात जास्त टी-शर्ट इथेच वाया जातात. पहिली चूक म्हणजे पुढचा आणि मागचा गळा एकत्र धरून सारखाच खोल कापणे. मागचा गळा खोल गेला की अख्खा टी-शर्ट मागे ओढला जातो आणि खांदे उतरतात. मागे फक्त जुनी गळपट्टी काढायची, तीही शिवणीला लागून. खोली हवी असेल तर ती पुढच्या बाजूला द्यायची.

दुसरी चूक घडीची. टी-शर्ट मधोमध दुमडून कापतात, तेव्हा घडीवर एक सेंटीमीटर आत गेलेली कात्री उघडल्यावर दोन सेंटीमीटर रुंदी वाढवते. त्यात गळ्याची कड घालता-काढताना ताणून सैल होते ती वेगळीच. म्हणून हवा त्यापेक्षा दीड सेंटीमीटर कमी कापा, अंगात घाला, एकदा धुवा आणि मग ठरवा. खुणेसाठी झिजलेल्या साबणाची पातळ वडी घ्या. पेनची खूण धुतल्यावरही राहते.

आणि कापून बसलाच असाल तर? टी-शर्ट टाकू नका. त्याच टी-शर्टच्या खालच्या घेरातून चार सेंटीमीटर रुंद आडवी पट्टी काढा. गळ्याचा घेर मोजा आणि पट्टी त्याच्या साधारण ८५ टक्के लांब ठेवा. गळा ७० सेंटीमीटर असेल तर पट्टी ६० च्या आसपास. पट्टीची टोकं जोडा, ती रुंदीत अर्धी दुमडून दुहेरी करा. गळ्याचे आणि पट्टीचे चार-चार सारखे भाग करून टाचण्या लावा आणि शिवताना फक्त पट्टी ताणा, गळा नाही. शिवून झालं की पट्टी आखडते आणि लोंबणारा गळा आत ओढून घेते. त्या निळ्या टी-शर्टला आम्ही हेच केलं. तिने तो दुसऱ्या दिवशी कॉलेजला घातला.

मशीन टाके का सोडते?

"मशीन बिघडलंय" असं म्हणत येणाऱ्यांपैकी बहुतेकींचं मशीन ठणठणीत असतं, सुई चुकीची असते. साध्या सुईचं टोक धारदार असतं, ते फासाचा धागाच तोडतं. शिवताना काही दिसत नाही, पण दोन-चार धुण्यांनंतर शिवणीच्या कडेने टाचणीएवढी छिद्रं पडतात. बॉलपॉइंट सुईचं टोक गोलसर असतं, ती धागा बाजूला सारून मधून जाते. पातळ टी-शर्टला ११ नंबर, जाडसर असेल तर १४. शिवणाचं सामान मिळतं त्या दुकानात नाव घेऊन मागा, मिळते. टाके सुटण्याचा प्रश्नही बऱ्याचदा एवढ्यानेच संपतो.

पुढची तक्रार अशी की शिवण छान दिसते, पण डोक्यातून घालताना कट्‌कन तुटते. कापड ताणलं जातं, सरळ टीप ताणली जात नाही, मग धागाच तुटणार. तिथे झिगझॅग टीप हवी. आता आपल्याकडे घरोघरी आजीच्या काळातलं काळं पायाचं मशीन असतं, त्याला फक्त सरळ टीप येते. त्यावर टाका थोडा मोठा ठेवा, दोरा पॉलिस्टरचा घ्या, ताण सैल करा आणि शिवताना कापड अगदी किंचित ताणून धरा. किंचित म्हणजे किंचितच. जास्त ओढलं तर कड लाटांसारखी होते. तशी झालीच तर ओलसर सुती कापड वर टाकून इस्त्री दाबा, सरकवू नका. बऱ्याच लाटा बसतात. नाहीतर सरळ फॉल-पिकोवालीकडे जा. तिचं पिकोचं मशीन झिगझॅगच मारतं, आणि कडा दोऱ्यांनी गुंफणारं इंटरलॉक मशीन असेल तर काम आणखी पक्कं होतं. साताऱ्यात कुठल्याही पेठेत चार पावलांवर अशी एक जण बसलेली असते. यात कमीपणा काही नाही, कापणं तुमचं आणि कडा तिच्या, असं करून माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी सुंदर टॉप केले आहेत.

मोठा टी-शर्ट मापात आणताना

भावाचा डबल एक्सेल घेऊन स्वतःच्या मापाचा करायचा, हे सगळ्यांना करावंसं वाटतं. इथे ब्लाउजसारखे टक्स, म्हणजे मापासाठी शिवलेल्या चुण्या, घालू नका, होजिअरीला त्यांची गरज नसते. तुम्हाला नीट बसणारा दुसरा टी-शर्ट वर ठेवून आखा आणि शिवणीची जागा सोडून कापा. तुकडा आडवा-उभा बदलू नका. टी-शर्ट आडवा जास्त ताणला जातो, तीच बाजू अंगाभोवती यायला हवी.

एक बारकावा कुणी सांगत नाही. धुतल्यावर काही टी-शर्ट पिळवटतात, बाजूची शिवण फिरून पोटावर येते. ज्या धाग्याने ते विणलेले असतात त्याचा पीळ धुण्यात सुटू पाहतो, त्यामुळे असं होतं. अशा टी-शर्टची जुनी शिवण जुळवून घडी घातली तर नवा टॉपही तिरकाच होणार. खांदे जुळवा, टी-शर्ट खांद्यांनी धरून लोंबू द्या, तो जसा पडेल तशी घडी घाला आणि दोन्ही बाजू नव्याने कापा.

रंग न बसणारे टी-शर्ट

सातारा हिल मॅरेथॉन सुरू झाल्यापासून यवतेश्वरचा घाट पळून आलेल्यांच्या कपाटात तसल्या टी-शर्टची चळत असते. अभिमानाने जपलेले असतात, आणि मग कुणाला तरी ते बांधणीसारखे रंगवावेसे वाटतात. पळायचे टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचे असतात. सुती कपड्यांची रंगाची पुडी त्यावर चढत नाही, धुतली की पाण्यात जाते. आतली पट्टी वाचा. पट्टी नसेल तर पाण्याचा थेंब टाका, सुती कापड तो लवकर पितं. खात्री हवी असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पळायच्या टी-शर्टच्या पिशव्या करा, उशीचे अभ्रे करा, रंगाच्या नादाला लागू नका.

हळदीत बुडवून पिवळा करायचा प्रयोगही खूप जण करतात. रंग पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतो. मग साबण लागला की लालसर होतो आणि उन्हात वाळवला की उडतो. नैसर्गिक रंगच हवा असेल तर आपल्याकडे डाळिंब आहे. साली वाळवून उकळा, तुरटीच्या पाण्यात भिजवलेला सुती टी-शर्ट त्यात तासभर ठेवा. मातकट पिवळा रंग येतो आणि तो हळदीपेक्षा कितीतरी टिकतो. लोखंडी कढई मात्र नको, तिच्यात हा रंग काळपट होतो.

ब्लीचने नक्षी काढणाऱ्यांना मी फार कळकळीने सांगते. ब्लीच थांबवायला व्हिनेगर ओतू नका. संडास-बाथरूमचं ॲसिड तर त्याच्या जवळपासही आणू नका. दोन्हींतून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. काम गच्चीवर करा, रबरी मोजे घाला, ब्लीचमध्ये निदान तेवढंच पाणी मिसळा आणि हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच भरपूर पाण्याने धुऊन काढा. त्यानंतर मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात पातळ करून त्यात बुडवलं की उरलेलं ब्लीच निकामी होतं. नुसतं धुऊन वाळवलं तर ब्लीच कापड आतून खात राहतं आणि महिन्याभरात नक्षीच्या जागी भोकं पडतात. काळा टी-शर्ट पांढरा होईल अशी अपेक्षाही ठेवू नका, तो बहुधा विटकरी होतो. मला तो रंग आवडतो.

कापडावर रंगवायचं असेल तर आत पुठ्ठा घालायला विसरू नका, नाहीतर चित्र पाठीवरही उमटतं. रंगात पाणी जास्त झालं की कडा फुटतात. जाड थर दिला तर ताणल्यावर तडकतो, म्हणून दोन पातळ हात द्या. पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने इस्त्री फिरवा.

भरतकाम आणि गोधडी

रिंगमध्ये टी-शर्ट ढोलकीसारखा ताणून भरतकाम केलं की रिंग काढल्याबरोबर फूल चुरगळतं. कापड पुन्हा आखडतं, टाके आखडत नाहीत. मागे इस्त्रीने चिकटणारं पातळ बकरम, म्हणजे कापडाला ताठपणा देणारं अस्तर, लावा आणि रिंग सैलसर ठेवा. दोराही ओढू नका.

गोधडीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे माणसांच्या आठवणी असतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मुलाच्या शाळेपासूनचे टी-शर्ट जपून ठेवले होते. तो परदेशी गेल्यावर त्यांना त्याची गोधडी करायची होती. पहिल्या प्रयत्नात चौकोन जोडले, पण प्रत्येक चौकोन वेगवेगळा ताणला गेला आणि मधे फुगे आले. नऊवारीच्या गोधड्या आयुष्यभर घातलेला हात, तरी होजिअरीने दाद दिली नाही. मग आम्ही सगळं उसवलं. प्रत्येक चौकोनामागे जुन्या सुती साडीचा तुकडा कच्च्या टाक्याने लावला, म्हणजे ताण साडीने घेतला. खाली अख्खी नऊवारी अंथरली. सगळे थर मधून बाहेरच्या दिशेने कच्चे टाचले आणि मग नेहमीसारखा कडेपासून आत धावदोरा घातला. ज्या चौकोनावर छापील चित्र होतं तिथे सुई छापावरून न घालता त्याच्या भोवतीने फिरवली. तो प्लॅस्टिकसारखा छाप एकदा टोचला की भोक भरून येत नाही. इस्त्रीही त्यावर थेट लावायची नाही, वितळून इस्त्रीच्या तळाला चिकटतो.

ही गोधडी पुरी व्हायला पावसाळा गेला. कापताना उरलेल्या तुकड्यांतून आजींनी आडव्या पट्ट्या काढल्या, दोन-अडीच सेंटीमीटर रुंद. ओढल्या की त्या गुंडाळून दोरीसारख्या होतात. त्यांचं पायपुसणं विणलं, ते आता त्यांच्या उंबऱ्याशी आहे. उभ्या पट्ट्या काढल्या असत्या तर त्या अशा गुंडाळल्या नसत्या.