शिंक येण्याआधी स्नायू आवळा

दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंकेची धास्तीच बसली. पाण्याची बादली उचलली तरी लघवीचे दोन थेंब गळायचे. हा पोटावर ताण आल्याने होणारा प्रकार. अचानक घाई लागून बाथरूमपर्यंत न पोचणं वेगळं.

माझा उपाय केगल व्यायाम. वारा आणि लघवी दोन्ही अडवल्यासारखे स्नायू आत-वर ओढायचे, 5 ते 10 सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं 10 वेळा, दिवसातून 3दा. श्वास कोंडायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. मी भाजी निवडताना करते, कुणाला कळतही नाही. लघवी करताना मात्र सराव नको. फरक जाणवायला 3 महिने गेले.

गळतं म्हणून पाणी पिणं तोडू नका. मी तोडलं, तर लघवीला जळजळ सुरू झाली. लघवीत रक्त दिसलं तर थेट डॉक्टरकडे.