संमिश्र संख्यांची वर्गमुळे सोपी करताना

संगणकाला ‘सोपं कर’ सांगण्याआधी मी चल कुठल्या संख्यांचा आहे ते लिहून टाकते. सिम्पायमध्ये (पायथनची गणिती लायब्ररी) चल झ नुसता जाहीर केला, तर तो संमिश्र धरला जातो. म्हणून √(झ²) तसंच राहतं, आणि ते बरोबरच आहे. चल धन आहे असं सांगितलंत तर झ मिळेल, नुसता वास्तव म्हटलंत तर |झ|. मॅथेमॅटिका या गणिती सॉफ्टवेअरमधली पॉवरएक्स्पांड ही आज्ञा मात्र चल धन असल्यासारखंच राशी उलगडते, त्यामुळे ती जपून वापरा.

खरी गंमत इथे आहे. √(झ−१)·√(झ+१) हे √(झ²−१) करावंसं वाटतं ना? झ = −२ घाला. डावीकडे √(−३)·√(−१), म्हणजे −√३, उजवीकडे √३. चिन्हच उलटलं! पण √(१−झ)·√(१+झ) = √(१−झ²) कुठल्याही झ साठी खरं आहे. इथे दोन्ही अवयवांचे काल्पनिक भाग विरुद्ध चिन्हांचे (किंवा दोन्ही शून्य) असतात, म्हणून त्यांच्या कोनांची (धन वास्तव अक्षापासून मोजलेल्या) बेरीज −π ते π ही हद्द ओलांडत नाही. मला हा फरक फार सुंदर वाटतो.

लॉगचंही तसंच: (−१)(−१) चा लॉग ०, पण सुट्या लॉगांची बेरीज २πi. तिथे २πi च्या पटीतली दुरुस्ती हवीच.

उत्तर आलं की मूळ राशी आणि नवी राशी दोन्हींत −२, −२+०.००१i, −२−०.००१i घालून पाहा. छेदरेषा, म्हणजे जी ओलांडताना मुळाची किंवा लॉगची किंमत एकदम उडी मारते ती रेषा, दुसरीकडे असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे बिंदू घ्या. एकाच बिंदूवर जुळलं म्हणून थांबू नका.