पिट्युटरी पेशींचं रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

पॅच रिगवर, म्हणजे बारीक काचेची पिपेट पेशीला चिकटवून तिचं व्होल्टेज टिपायच्या यंत्रावर, नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, स्पाइक (व्होल्टेजच्या उसळ्या) मोजू का?" मोजा हवं तर. पण त्या आकड्यावरून हार्मोन किती सुटतंय ते मला सांगायला येऊ नका.

माझी सगळ्यात नावडती चूक हीच. रॅटच्या गोनॅडोट्रोफ पेशी आपणहून उंच, एकेकटे स्पाइक मारत बसतात, तरी त्यांचं हार्मोन, एलएच, जेमतेम सुटतं. सोमॅटोट्रोफ (ग्रोथ हार्मोनवाल्या) आणि लॅक्टोट्रोफ (प्रोलॅक्टिनवाल्या) पेशींचे स्पाइक बुटके, पण बर्स्ट, म्हणजे स्पाइकचा झुबका, सेकंदभर, कधी त्याहूनही जास्त रेंगाळतो. तेवढा वेळ कॅल्शियम आत येत राहतं आणि हार्मोनच्या पुटिका रिकाम्या होत राहतात. ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन कुणी न सांगताही झिरपतं ते यामुळे. मोजायचंच तर पेशीचं व्होल्टेज किती वेळ वर राहिलं ते मोजा. मी तर आधी दहा मिनिटं नुसता ट्रेस (व्होल्टेजचा आलेख) बघत बसते, सॉफ्टवेअर नंतर.

दुसरी चूक: बीके हे कॅल्शियमनं उघडणारं पोटॅशियम चॅनल, म्हणजे पेशीला शांत करणारा ब्रेक, असं धरून चालणं. यात आमचे हात चांगलेच पोळलेत. एका विद्यार्थिनीला सोमॅटोट्रोफमध्ये तीन आठवडे एकही बर्स्ट दिसेना. उंच, सडपातळ, सुटे स्पाइक. पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन जास्त झालं, सीरम बदललं, सगळ्यांवर आळ घेऊन झाला. मी इनक्युबेटरलाही सोडलं नाही. शेवटी फ्रीजरमधली पिपेट सोल्युशनची (पिपेटमध्ये भरायच्या द्रावणाची) ट्यूब काढली. टोपणावर नुसतं 'के-ग्लुकोनेट, जुनं'. बनवणारा केव्हाच लॅब सोडून गेलेला. त्याची वही शोधली, तर आत १० मिलीमोलर बाप्टा!

पिपेटमधून पेशीत शिरलेला बाप्टा कॅल्शियम इतक्या झटकन पकडतो की कॅल्शियम चॅनलच्या तोंडाशी साचणारं कॅल्शियम शेजारच्या बीकेला पुरेसं मिळतच नाही. बीके गप्प राहिला की स्पाइक पूर्ण उंची गाठतो, मग डिलेड रेक्टिफायर ही दुसरी, जरा उशिरा उघडणारी पोटॅशियम चॅनल धाडकन उघडतात आणि पेशीला खाली आपटतात. बीके वेळेत उघडला तर तो स्पाइकचा शेंडा खुडतो; डिलेड रेक्टिफायर अर्धवटच जागे होतात आणि पेशी मधल्या पठारावर लटकून राहते. म्हणजे ज्याला ब्रेक म्हणायचं तोच बर्स्ट लांबवतो. व्हॅन गूर, ली आणि स्टोयिल्कोविच यांनी हे २००१ मध्येच दाखवलंय. आम्ही ते तीन आठवडे वाया घालवून शिकलो. तेव्हापासून माझ्या फ्रीजरमध्ये तारीख आणि घटक न लिहिलेली ट्यूब दिसली की ती गेलीच.

बाकीच्या थोडक्यात.

टीटीएक्स (सोडियम चॅनल बंद करणारं विष) टाकूनही लॅक्टोट्रोफचे स्पाइक चालू राहिले म्हणून टीटीएक्स शिळं ठरवू नका. ते स्पाइक मुख्यतः कॅल्शियमवर चालतात.

जीएनआरएच (एलएच सोडायला सांगणारं मेंदूचं हार्मोन) दिल्यावर गोनॅडोट्रोफमध्ये दिसणारी लय पेशीच्या पटलावर सुरू होत नाही. कॅल्शियम आतल्या साठ्यातून उसळतं, एसके ही कॅल्शियमनं उघडणारी पोटॅशियम चॅनल उघडतात आणि पटलाचं व्होल्टेज खाली ओढलं जातं.

डोपामिननं लॅक्टोट्रोफ शांत झाली की 'पोटॅशियम चॅनल उघडले' एवढं लिहून मोकळे होऊ नका. डोपामिनचा डी२ रिसेप्टर कॅल्शियमच्या पुढच्या पायरीवर, पुटिका रिकामी होण्यावरही लगाम घालतो.

आणि होल-सेलची घिसाडघाई. यात पिपेटखालचं पटल फोडतात; ते फोडलं की पेशीच्या आतलं सगळं पिपेटमध्ये धुऊन जातं आणि पिपेटमधलं आत शिरतं. परफोरेटेड पॅचमध्ये पटल न फोडता अँफोटेरिसिन या औषधानं त्याला बारीक छिद्रं पाडतात. त्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियमसारखे आयन जातात, बाप्टा जात नाही. त्या पोरीनं परफोरेटेड पॅच केला असता तर ती ट्यूबही खपून गेली असती. पण पंधरा-वीस मिनिटं थांबायचं कुणाला? पिपेटचं टोक आधी साध्या सोल्युशनमध्ये बुडवा, अँफोटेरिसिन मागून भरा, नाहीतर सीलच लागत नाही, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटत नाही. अँफोटेरिसिन रोज ताजं बनवा, उजेडात ठेवू नका. सील लागलं की मग तोंडानं ओढू नका, नुसतं बघा. ॲक्सेस रेझिस्टन्स (पिपेट आणि पेशी यांच्यामधला विद्युतरोध) हळूहळू उतरायला हवा. एकदम कोसळला तर पटल फाटलंय. ती पेशी सोडा, दुसरी घ्या.