पांढरं पांढरं दिसावं म्हणून : टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

पडद्यामागच्या एलईडी पट्ट्या बदलल्या, सेट उजळला, आवाज आला. पण बातम्या देणाऱ्याचा पांढरा शर्ट जास्त नीळ पडलेल्या धोतरासारखा दिसतोय. टीव्ही दुरुस्तीच्या टेबलावर हे नेहमीचं आहे आणि बरेचजण सेट तसाच बांधून देतात. काम तिथे संपत नाही. चित्र येणं आणि चित्र खरं दिसणं यांच्यात अर्ध्या-पाऊण तासाचं एक काम उरतं आणि ते रिमोटवरूनच होतं, सर्व्हिस मेनूतून, म्हणजे मेकॅनिकसाठी सेटमध्ये लपवलेल्या मेनूतून.

निळसरपणा येतो कुठून, ते आधी समजून घ्या. पांढरी एलईडी मुळात निळी असते. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो आणि दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. कंपनीने पॅनेलचे रंगफिल्टर आणि बोर्डातले आकडे मूळ पट्टीच्या उजेडावर बसवलेले असतात. बाजारातल्या बदली पट्टीचं फॉस्फर वेगळं असतं, म्हणून तोल जातो. जुन्या पट्ट्या जास्त करंटवर तापून फॉस्फर खराब झालं तरी चित्र निळं-जांभळं होतं. दुसरं कारण युनिव्हर्सल बोर्ड, म्हणजे मूळ बोर्डाच्या जागी बसवलेला बाजारातला बदली बोर्ड. व्ही५६ किंवा व्ही५९ बोर्ड कोणत्याही पॅनेलला लागतो, म्हणजेच त्यातले रंगाचे आकडे कोणत्याच पॅनेलसाठी नेमके नसतात.

एक गोष्ट आधीच तपासा. अर्ध्याच पट्ट्या बदलल्या असतील तर पडद्याचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळसर दिसेल. सर्व्हिस मेनूतले आकडे अख्ख्या पडद्याला एकदमच लागतात, त्यामुळे हा दोष तिथून जाणार नाही. पूर्ण संच बदला.

शिरण्याआधी

रंगाचा तोल सहा आकड्यांवर बसतो : लाल, हिरवा, निळा यांचे तीन गेन (उजळ भागासाठी) आणि तीन ऑफसेट (गडद भागासाठी). काही सेटमध्ये हे गेन आणि ऑफसेट साध्या मेनूतच असतात, ‘व्हाइट बॅलन्स’ किंवा ‘टू पॉइंट’ या नावाने. तिथे असतील तर सर्व्हिस मेनूत शिरूच नका. वॉरंटीतल्या सेटलाही हात लावू नका.

सॅमसंगच्या बऱ्याच एलसीडी सेटवर स्टँडबायमध्ये म्यूट, १, ८, २, पॉवर ही बटणं एकामागोमाग दाबली की सर्व्हिस मेनू उघडतो. एमस्टार चिपच्या बऱ्याच युनिव्हर्सल बोर्डांवर रिमोटचं ‘मेनू’ बटण दाबून लगेच ११४७. एलजीला सर्व्हिस रिमोट लागतो. त्यावरचं ‘ईझी ॲडजस्ट’ हे बटण रंगाच्या कामाचं. त्याच रिमोटवर ‘इन-स्टॉप’ही असतं. ते दाबलं की सेट कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होऊन बंद पडतो, म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा.

आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकही आकडा बदलायचा नाही. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आकडा आणि त्याचं नाव दोन्ही वाचता येईल असा. त्यातही गेन-ऑफसेटचे सहा आकडे वहीत हाताने लिहा, कारण फोटोत ६ आणि ८ सारखेच दिसतात.

युनिव्हर्सल बोर्ड असेल तर २५ मालिकेच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपची (बोर्डाचं सॉफ्टवेअर जिच्यात असतं ती) प्रत काढून ठेवणं उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ही चिप वाचणारा सीएच३४१ए प्रोग्रामर मिळतो. पण काही स्वस्त प्रोग्रामर ३.३ व्होल्टच्या चिपच्या डेटा पायांवर ५ व्होल्ट देतात, तेव्हा वापरण्याआधी मल्टिमीटर लावून बघा. चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली ताडून पाहा. फरक निघाला तर प्रोग्रामरची क्लिप चिपच्या पायांवर नीट बसलेली नाही आणि ती प्रत निरुपयोगी आहे.

आता हात न लावण्याच्या जागा. सॅमसंगच्या ‘ऑप्शन’ पानावर ‘टाइप’ असतो. तो पॅनेलचा प्रकार आहे. तो चुकीचा निवडला की चित्र जातं, आणि चित्र गेल्यावर मेनूही दिसत नाही. युनिव्हर्सल बोर्डावरचा ‘एलव्हीडीएस मॅप’, म्हणजे बोर्डाकडून पॅनेलला जाणाऱ्या सिग्नलची मांडणी, हाही तसाच. जेडा आणि वेसा या दोन मांडण्यांत रंगांचे बिट वेगवेगळ्या क्रमाने जातात, त्यामुळे चुकीची मांडणी निवडली की चेहऱ्यावर नकाशासारखे पट्टे उमटतात आणि रंग निगेटिव्हसारखे दिसतात. असं चित्र समोर आलं तर तो व्हाइट बॅलन्सचा दोष नाही, गेनशी खेळत बसू नका, मॅप बदला. ‘एडीसी’ फक्त व्हीजीए आणि कंपोनंटसारख्या ॲनालॉग इनपुटसाठी आहे. योग्य सिग्नल न देता ‘ऑटो एडीसी’ चालवलं तर त्या इनपुटचे रंग बिघडतात, आणि एचडीएमआयला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

चित्र मोजण्याजोगं करणं

सेट किमान अर्धा तास चालू ठेवा. एलईडी गरम होताना उजेड आणि झाक दोन्ही सरकतात. थंड सेटवर बसवलेले आकडे तासाभराने खोटे ठरतात.

इको सेन्सर, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, ‘ब्लॅक टोन’, ‘कलर एन्हान्सर’ असं जे काही स्वतःच्या डोक्याने चित्र बदलतं ते सगळं बंद करा. पिक्चर मोड ‘मूव्ही’ किंवा ‘स्टँडर्ड’ घ्या, ‘डायनॅमिक’ नको. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवा. इथे नवशिके हमखास चुकतात. बहुतेक बोर्डांत कूल, नॉर्मल आणि वॉर्म या तिन्हींचे सहा-सहा आकडे वेगळे साठवलेले असतात आणि बऱ्याचदा प्रत्येक इनपुटचेही वेगळे. तुम्ही एचडीएमआय १ वर ‘वॉर्म’ बसवलंत आणि गिऱ्हाइकाचा सेट-टॉप बॉक्स एव्हीवर ‘कूल’मध्ये चालतोय, तर तुमची मेहनत त्याच्या नजरेला पडणारच नाही. काम सुरू करण्याआधीच विचारा, बॉक्स कुठे जोडता?

मग काळ्याची पातळी. ० ते २५५ या उजेडाच्या पट्टीत व्हिडिओचं काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर असतं. लॅपटॉप ० ते २५५ पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ समजत असेल तर गडद भाग बुडतात. उलट असेल तर सगळं धुरकट दिसतं. दोन्हीकडे एकच पातळी ठेवा. ब्राइटनेस इतका घ्या की १६ ची पट्टी काळ्यात विरून जाईल आणि १७-१८ ची अंधाऱ्या खोलीत जेमतेम जाणवेल. कॉन्ट्रास्ट इतका, की २३० आणि २३४ च्या पट्ट्या वेगळ्या ओळखू येतील. एव्हीएस एचडी ७०९ हा पॅटर्नचा संच फुकट मिळतो, त्यात हे सगळं आहे. पॅटर्न शक्यतो एचडीएमआयवरून द्या. टीव्हीच्या यूएसबी प्लेअरचा चित्रमार्ग वेगळा असू शकतो.

मीटर हवाच

डोळ्यावर विसंबून पांढरा ठरवता येत नाही. डोळा जुळवून घेतो. पाच मिनिटं निळसर पडद्याकडे बघितलं की मेंदू त्यालाच पांढरं मानतो, आणि मग खरा पांढरा पिवळट भासतो. मोबाइलचा कॅमेराही स्वतःचा व्हाइट बॅलन्स लावत असतो, त्यामुळे त्याची साक्ष धरू नका. मीटरशिवाय एवढंच साधतं : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी पायऱ्यांची झाक एकसारखी करणं. तेही थोडंथोडकं नाही, पण तो पांढरा नेमका कोणता, हे त्यातून कळत नाही.

नेमका पांढरा म्हणजे डी६५. रंगाची जागा सांगणाऱ्या आकड्यांत एक्स ०.३१२७, वाय ०.३२९०, ढोबळमानाने ६५०० केल्विन (केल्विन जितके जास्त, तितका पांढरा निळसर). एचडी व्हिडिओचं बीटी.७०९ हे मानक यालाच पांढरं मानतं. आय१ डिस्प्ले प्रो किंवा स्पायडर जातीचा कलरीमीटर (पडद्याचा रंग मोजणारं यंत्र) आणि एचसीएफआर हे फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार बरोबर निवडा. साधी पांढरी एलईडी आणि क्वांटम डॉट यांच्या उजेडाचा पट वेगळा असतो आणि चुकीच्या प्रकारावर मीटर आत्मविश्वासाने चुकीचा आकडा देतो. मीटर पडद्याला सपाट टेकवा, खोलीतले दिवे मालवा. ओएलईडी असेल तर पॅटर्न पडद्याच्या दहाव्या भागाएवढा लहान ठेवा आणि मोजून झाल्यावर काढून टाका.

आता मुख्य काम, एका उदाहरणावरून बघू. ८० टक्के राखाडी लावला (० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा). मीटर म्हणतो एक्स ०.२८५, वाय ०.२९५. हे साधारण ९१०० केल्विन झालं. एचसीएफआर तेच रंगांच्या पट्ट्यांत दाखवेल : लाल ८८, हिरवा १००, निळा १३५. मेनूत तिन्ही गेन १२८ वर आहेत.

नवशिक्याचा हात लगेच लाल वाढवायला जातो. तसं करू नका. गेन वाढवला की तो रंग वरच्या टोकाला आपटतो. राखाडी नीट दिसेल, पण शुभ्र भागात लाल पुढे सरकू शकणार नाही आणि ढग, कॉलर, कपाळावरचा चकाकता भाग वेगळ्याच झाकेचे होतील. नियम असा : जो रंग सगळ्यात कमी आहे तो तिथेच ठेवायचा आणि बाकीचे दोन त्याच्यापर्यंत खाली आणायचे. इथे लाल १२८ वरच राहील.

किती खाली आणायचे, याचा अंदाज काढता येतो. बहुतेक बोर्डांत गेन गॅमाच्या (सिग्नलच्या आकड्याचा उजेड ठरवणाऱ्या वक्राच्या) आधी लागतो, म्हणजे उजेड गेनच्या साधारण २.२ व्या घाताने बदलतो. निळा १३५ वरून ८८ वर, म्हणजे ०.६५ पट उजेड हवा. त्यासाठी गेन ०.८२ पट, म्हणजे १०५ च्या आसपास. हिरवा १०० वरून ८८ वर आणायला गेन ०.९४४ पट, म्हणजे १२१. हे आकडे भरा, पुन्हा मोजा, मग एकेका आकड्याने सरकवा. हिरवा जपून हलवा. उजेडातला सुमारे ७२ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा. म्हणूनच निळा २३ आकड्यांनी उतरवूनही चित्र फारसं मंद होत नाही, पण हिरवा सातच उतरवला तर फरक जाणवतो. ती तूट बॅकलाइटने भरून काढा, कॉन्ट्रास्टने नाही. मात्र नव्या पट्ट्या असतील तर बॅकलाइट पूर्ण १०० वर नेऊ नका. पट्ट्या जळण्याचं मोठं कारण तापच आहे.

८० टक्के जमला की ३० टक्के राखाडी लावा. इथे ऑफसेट काम करतात. गडद भागात एका आकड्याचाही परिणाम मोठा होतो, म्हणून एक-एक पायरीच घ्या. कमी उजेडात मीटरला वाचायला वेळ लागतो, आकडा स्थिरावू द्या. ऑफसेट हलवला की वरचा भागही थोडा सरकतो, म्हणून परत ८० वर, मग परत ३० वर. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जागा धरतात. शेवटी १० ते १०० टक्के अशा दहा पायऱ्या मोजा. डेल्टा ई (खऱ्या रंगापासून किती चूक, त्याचं माप) ३ च्या आत आला तर चालू चित्रात डोळ्याला चूक दिसत नाही. १० टक्क्याला तो थोडा जास्त राहिला तर त्याच्यामागे लागू नका, तिथे स्वस्त मीटरचं वाचनच डळमळतं. आणि ५० टक्क्याला मध्येच हिरवी किंवा गुलाबी झाक उरली, तर ती सहा आकड्यांनी जाणार नाही. तो गॅमाच्या तक्त्याचा दोष आहे. अशा वेळी चेहरे साधारण ४० ते ७० टक्क्यांत येतात हे धरून तो भाग जास्तीत जास्त शुद्ध ठेवा.

कलर आणि टिंट त्यानंतर. आधी केलेत तर व्हाइट बॅलन्स हलल्यावर पुन्हा करावे लागतील. ७५ टक्क्यांचे कलर बार लावून निळ्या फिल्टरमधून, किंवा सेटमध्ये ‘ब्लू ओन्ली’ असेल तर त्यातून बघा. राखाडी आणि निळी पट्टी सारखी उजळ दिसेपर्यंत कलर, मोरपिशी आणि किरमिजी सारख्या दिसेपर्यंत टिंट. एव्हीवर पाल (भारतातल्या जुन्या ॲनालॉग टीव्हीची रंगपद्धत) सिग्नल असताना बहुतेक सेटमध्ये टिंट फिरतच नाही आणि तो बिघाड नाही. पालमध्ये रंगाची फेज एकाआड एक ओळीला उलटते, त्यामुळे तिच्यातली चूक आपोआप कटते.

जुना पिक्चर ट्यूबचा सेट हाती आला तर तत्त्व हेच, नावं वेगळी : गेनला ड्राइव्ह, ऑफसेटला कटऑफ. सोनीच्या बऱ्याच ट्यूब सेटवर स्टँडबायमध्ये डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम वाढवा, पॉवर असा क्रम असतो आणि बदल मुद्दाम साठवावे लागतात, नाहीतर सेट बंद केल्यावर जातात. एकूण उजेड ठरवणारा ‘स्क्रीन’चा स्क्रू फ्लायबॅकवर (उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असतो, म्हणजे मागचं झाकण उघडून चालू सेटमध्ये हात घालावा लागतो. ट्यूबच्या ॲनोडवर २० हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि सेट बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकतो. जाणत्या माणसाशेजारी उभं राहून शिकल्याशिवाय ते झाकण उघडू नका.

सेट परत देताना गिऱ्हाईक म्हणेल, ‘पिवळं दिसतंय हो.’ त्याचं बरोबर आहे, त्याचा डोळा कित्येक महिने निळ्याला सरावलेला आहे. वाद घालू नका. कसोटी सामन्याचं चित्र लावा, खेळाडूंच्या पांढऱ्या कपड्यांवर बोट ठेवा, मग ‘कूल’ करून तेच कपडे निळे होताना दाखवा. दोन-तीन दिवस ‘वॉर्म’वर बघायला सांगा. तरीही त्याला नकोच असेल तर ‘नॉर्मल’ जरासं थंड, ७५०० केल्विनच्या आसपास बसवून द्या. घर त्याचं आहे.

मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवा : तारीख, इनपुट, मोड, मूळ सहा आकडे, नवे सहा आकडे. पेन्सिलने लिहा. पेनची शाई पुसट होऊ शकते आणि पुढच्या वेळी हे झाकण कदाचित दुसराच कुणी उघडेल.