पिकअपचे टायर: स्वस्त की भारी, हे वजनकाट्यावर ठरवा

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘साधा देऊ की भारीतला?’ या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नका. ‘भारीच घ्या, जिवापेक्षा पैसा मोठा नाही’ म्हणणारा आणि ‘साधा घ्या, घासायचाच तर आहे’ म्हणणारा, दोघांनीही तुमच्या गाडीत माल किती असतो हे विचारलेलं नसतं. मी ओतूर-नारायणगाव पट्ट्यातला टोमॅटो माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात नेतो. स्वस्त आणि भारी, दोन्ही टायर वापरून झालेत.

साइज बदलायचा नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो आहे तोच घ्या.

आता लोड. इथेच मी फसलो होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टायरच्या कडेला साइजच्या पुढे, म्हणजे समजा २१५/७५ आर १५च्या पुढे, आणखी एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. अक्षर वेगाचं, ते सोडा. आकडा वजनाचा, त्याला लोड इंडेक्स म्हणतात. १०० म्हणजे एका टायरने पेलायचे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १०००, ११२ म्हणजे ११२०. मध्ये तिरकी रेघ देऊन दोन आकडे असतील तर पहिला आकडा एकेरी चाकाचा, म्हणजे एका बाजूला एकच चाक असतं तेव्हाचा, आपल्या पिकअपला तोच लागू. एकाच साइजमध्ये वेगवेगळ्या लोडचे टायर मिळतात आणि स्वस्तात मिळणारा बऱ्याचदा कमी लोडचा असतो. दुकानदार ‘साइज तोच आहे’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो.

मी असेच १०४चे दोन टायर मागे टाकले होते. मे महिन्यात ८५ क्रेट टोमॅटो भरून घाट उतरलो आणि टोकावड्याच्या अलीकडे डावीकडचा मागचा टायर फुटला. नक्षी अजून जाड होती, खिळा नाही, काच नाही. कडेची भिंत चहूबाजूंनी फाटून रबराची पट्टी लोंबत होती. हात लावला तर चटका बसला. गाडी तिरकी होऊन खालचे क्रेट दबले, रस रस्त्यावर आला, आणि तशा मालाला बाजारात कोण विचारतो?

पुढच्या खेपेला काट्यावर गेलो आणि फक्त मागची चाकं काट्यावर उभी केली. तुम्हीही हेच करा. रोजचा माल भरा, पुढची चाकं काट्याच्या बाहेर ठेवा आणि मागच्या एक्सलचं वजन वेगळं लिहून घ्या. माझं भरलं २२८० किलो, म्हणजे एका चाकावर ११४०. टायर होता ९००चा. माझा हिशोब ८५ गुणिले २० किलो, १७०० बरोबर, असा होता. रिकाम्या क्रेटचंच दीड-दीड किलो मी धरलं नव्हतं. आता मागे ११२चे टायर आणि क्रेट ७८. मागचा एक्सल साडेएकवीसशेच्या आसपास येतो, चाकाला १०७५. काट्याचा आकडा टायरच्या आकड्याला टेकत असेल तर भारी टायर शोधू नका, माल कमी करा.

आणि हे वजन टायर पेलतो ते पूर्ण हवेवर. ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा’ हा सल्ला भरलेल्या गाडीला घातक आहे. कमी हवेवर भिंत जास्त वाकते, जास्त वाकली की जास्त तापते आणि तापली की फाटते. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. रस्त्यात टायर गरम झाल्यावर वाढलेली हवा काढू नका.

लोड जुळणारे दोन-तीन टायर हाती आले की मगच किमतीकडे वळा. हिशोब किलोमीटरला करायचा. समजा साधा ५५०० रुपयांना आणि ३५ हजार किलोमीटर चालणारा, भारी ८००० रुपयांना आणि ६० हजार चालणारा. साधा पडतो किलोमीटरला पावणेसोळा पैसे, भारी सव्वातेराच्या थोडा वर. महिन्याला तीन हजार किलोमीटर पळणाऱ्याला भारीच स्वस्त. पण गावातल्या गावात खत आणि चारा वाहून वर्षाला सहा हजार फिरणाऱ्याला भारी टायर संपवायला दहा वर्षं लागतील. तोवर रबर कडक होऊन भेगा पडतात. त्याने साधाच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त लोड पूर्ण हवा.

एक अपवाद आहे आणि त्यावर मी ऐकून घेत नाही. पावसाळ्यात घाट चढणारी-उतरणारी गाडी असेल तर ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेलाच टायर घ्या, पैशांचा हिशोब काही म्हणो. भरलेली गाडी रस्ता धरते. धोका माल उतरवून परत येताना असतो. हौदा रिकामा, मागचा भाग हलका, वळणावर ब्रेक लावला की शेपूट बाजूला जाते. रिमोल्ड टायर, म्हणजे घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला, पुढच्या चाकाला तर कधीच नको.

घेताना तारीख बघा. कडेला इंग्रजीत ‘डॉट’ (DOT) लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, ३५२५ म्हणजे २०२५चा ३५वा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल मी परत करतो. आयएसआयचा शिक्का हवा, आणि बिलावर टायरचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीला तोच लागतो.

दोनच नवे घेत असाल तर मागे बसवा. पुढे बसवा म्हणणारे भरपूर भेटतील, त्यांना रिकाम्या गाडीच्या शेपटीची आठवण करून द्या. हवा भरायचे व्हॉल्व्ह नवे, चाकांचं अलाइनमेंट त्याच दिवशी. स्टेपनीचा लोड इंडेक्सही तपासा, नाहीतर पंक्चर झाल्यावर पूर्ण माल त्या जुन्या १०४वर येतो. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर थांबा आणि चारही चाकांचे नट पुन्हा आवळा.